फी न घेणारा एजंट

गोकुळतात्यांच्या घरखरेदीसंबंधीचे तीन कागद मी पाहिले आहेत: मिळकत पत्रिकेची झेरॉक्स, मुखत्यारपत्राची झेरॉक्स आणि सही न झालेली इसारपावती. बाकीचे जे आहे ते त्यांच्या, त्यांच्या पत्नी कौसल्याबाईंच्या, दोन एजंटांच्या आणि पुढे येणाऱ्या आणखी एका बाईंच्या तोंडून ऐकलेले आहे. जेथे या हकिकती जुळत नाहीत, तेथे तसे नमूद केले आहे.

तात्यांचे मूळ गाव इंदापूर तालुक्यातील वरकुटे. तेथील घर वाटणीत धाकट्या भावाकडे गेले. तात्या बारामती तालुक्यातील एका साखर कारखान्यात एकतीस गळीत हंगाम वजनकाट्यावर कारकून होते आणि तेवढी सगळी वर्षे कारखान्याच्या वसाहतीतील दोन खोल्यांत राहिले. त्यांची ख्याती एकाच गोष्टीसाठी होती. उसाची गाडी काट्यावर आली, की ट्रॅक्टरचा चालक खाली उतरून खिडकीसमोर उभा राहिल्याशिवाय ते आकडा लिहीत नसत. रांगेत चाळीस गाड्या असोत, चालक कुणाचाही भाचा-पुतण्या असो.

"तात्या, मी उतरलो तरी ऊस तेवढाच भरणार की!" एखादा ओरडे.

"मग उतर की. तुला काय बुडाला मुळ्या फुटल्यात?"

मार्चअखेर ते निवृत्त झाले. वसाहतीतील खोल्या ३१ मेपर्यंत सोडायच्या होत्या. हाती फंडाची एकरकमी रक्कम आली. ती आयुष्यात एकदाच येणार होती आणि तिच्यातून एकच घर होणार होते. चुकले, तर साठीच्या उंबरठ्यावर दोघांना ना छप्पर उरले असते, ना ते पुन्हा उभारायची ऐपत. ही गोष्ट तात्यांना पुरेपूर ठाऊक होती. म्हणूनच त्यांनी जे केले, त्याचे मला सुरुवातीला आश्चर्य वाटले.

त्यांनी एजंट निवडला तो पाहुण्यांतला, म्हणजे सोयरिकीतला.

विशाल हा त्यांच्या जावयाचा सख्खा भाऊ. बारामतीत मोठ्या रस्त्यावर त्याचे काचेचे ऑफिस आहे. भिंतीवर महारेराच्या नोंदणीचे प्रमाणपत्र चौकटीत लावलेले आहे. ते खरे असल्याची खात्री मी करून घेतली. त्याने तात्यांना गाडीत बसवून पाच घरे दाखवली. पाचवे कौसल्याबाईंना पसंत पडले. तीन खोल्या, मागे शेवग्याचे झाड, स्वतःची बोअर आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर सकाळचे ऊन.

"फीचं काय, विशालराव?" तात्यांनी विचारले.

"मामा, लाजवता व्हय? पाहुण्यांकडनं मी एक रुपया घेत न्हाय. वहिनी काय म्हणंल मला?"

वहिनी म्हणजे प्राची, तात्यांची एकुलती मुलगी.

घराचा मालक विजयसिंह हा इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरजवळच्या एका गावी राहत होता. त्याच्या वतीने व्यवहार करणार होता त्याचा धाकटा भाऊ युवराज. त्याच्याकडे पाच वर्षांपूर्वीचे नोंदणीकृत मुखत्यारपत्र होते. इसार अक्षय तृतीयेला, दुपारी चार वाजता विशालच्या ऑफिसात द्यायचा ठरला. इसाराची रक्कम लहान नव्हती; फंडाचा तिसरा हिस्सा त्यातच जाणार होता.

आता दुसऱ्या एजंटकडे वळतो. इसाराच्या आठ दिवस आधी तात्या कागदांच्या प्रती काढायला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाजवळील एका झेरॉक्सच्या दुकानात गेले होते. त्या दुकानाच्या एका कोपऱ्यात टेबल टाकून स्वरूपा नावाच्या बाई बसतात. वय चाळिशीचे, बाहेर स्कूटी, टेबलावर दोन फायली. नोंदणी त्यांच्याकडेही आहे, तेव्हा निवड त्या प्रमाणपत्रावर होणे शक्य नव्हते. त्यांनी झेरॉक्सवाल्याच्या हातातील कागदांकडे नजर टाकली आणि घर घेताय का, असे विचारले. बोलण्यातून त्यांची पद्धत कळली: आधी कागदांचा शोध, त्याची फी आधी, आणि घर नंतर दाखवणार. व्यवहार होवो वा न होवो, शोधाची फी परत नाही.

तात्या बिथरले. "घर बघायच्या आधीच फी? अवो, डॉक्टरसुद्धा आधी नाडी बघतोय."

"डॉक्टर केसपेपरचे पैसे दारातच घेतो, तात्या. नाडी मागनं."

"आमचा एजंट तर काईच घेत न्हाय. पाहुणा हाय."

"तुमच्याकडनं घेत न्हाय. मग कुणाकडनं घेतो?"

तात्यांनी प्रती मोजायला घेतल्या.

"मालकाकडनं घेत असंल, तर तो मालकाचा एजंट झाला. तुमचा कोण हाय ह्या व्यवहारात?" स्वरूपाबाईंनी मुखत्यारपत्राची प्रत उचलली, तारीख पाहिली आणि खाली ठेवली. "हे एक फुकट सांगते. हा कागद ज्यानं दिला तो माणूस गेला, तर कागद त्याच दिवशी संपतो. पाच वर्षं झालीत. मालकाला शेवटचं कुणी बघितलंय, एवढं विचारा."

तात्या कागद गुंडाळून निघून आले. घरी त्यांनी कौसल्याबाईंना एवढेच सांगितले, की बाजारात बायका फार पुढे गेल्यात. तरी प्रश्न सोबत आला होता.

त्याच संध्याकाळी त्यांनी विशालला फोन केला. हे संभाषण कौसल्याबाईंनी शेजारी बसून ऐकले होते आणि दोघांच्या आठवणीत फारसा फरक नाही.

"विशालराव, इसाराच्या आधी मालकाला एकदा भेटू की."

"कशाला? मुखत्यारपत्र हाय ना रजिस्टर."

"हाय. तरी माणूस बघितला म्हंजे बरं."

विशाल हसला. "मामा, आता तुमी काट्यावर न्हाय. ट्रॅक्टरवरनं उतरवायला मालक काय डायवर हाय?" मग आवाज बदलला. "आणि ही दुसरी पार्टी फलटणची बसून हाय बरं का. मी तुमच्यासाठी थांबवलंय त्यांना. पाहुण्यांत इश्वास नसंल, तर तसं सांगा."

तात्यांनी फोन ठेवला.

"पुन्हा इचारू नका," कौसल्याबाई म्हणाल्या. "प्राचीला तितं नांदायचंय."

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण बाहेरच्या वाचकाला हे भित्रेपण वाटेल. या भागात अनोळखी माणसाकडे कागद मागणे हा व्यवहार असतो. पाहुण्याकडे कागद मागणे हा आरोप. तो एकदा केला, की लग्नाच्या पंगतीत, दहाव्याला, लेकीच्या स्वयंपाकघरात, सगळीकडे त्याचे उत्तर मिळत राहते. म्हणून येथील शहाणी माणसे परक्यांशी कागदावर व्यवहार करतात आणि पाहुण्यांशी शब्दावर. मोठी फसगत बहुधा दुसऱ्या प्रकारातच होते. तात्यांना एकतीस वर्षांत कुणी चालक फसवू शकला नव्हता, याचे कारण तो चालक त्यांच्या लेकीचा दीर नव्हता.

पुढचे सहा दिवस त्यांनी काही विचारले नाही. जेवण कमी झाले. वसाहतीच्या व्यवस्थापनाची दुसरी चिठ्ठी आली: खोल्यांची रंगरंगोटी एक जूनला सुरू होणार. कौसल्याबाईंनी भांडी पोत्यात बांधायला घेतली.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी इसारपावतीचा मसुदा पाहण्यासाठी तात्यांना ऑफिसात बोलावले. युवराजही होता. त्याने नमस्कार केला, चहा मागवला. मसुदा वाचून झाल्यावर तात्या म्हणाले,

"उद्या सकाळी मी नरसिंहपूरला जाऊन येतो. कागद देवाच्या पायावर ठेवतो, मग चारला सह्या."

यात कुणाला गैर वाटावे असे काही नव्हते. नरसिंहपूरचा नरसिंह तात्यांचे कुलदैवत आहे, आणि मोठ्या खरेदीचा कागद आधी देवापुढे ठेवणारी माणसे या दोन्ही तालुक्यांत घरोघर सापडतील. विशालने लगेच मान डोलावली. पण युवराजने हातातला कप बशीत ठेवला.

"एवढ्या लांब? उन्हाचं? हितल्या मारुतीपुढं ठेवा की, तात्या. देव एकच हाय."

"देव एक हाय," तात्या म्हणाले, "पर कुलदैवत येगळं."

"मग मी गाडीनं नेतो तुम्हाला," विशाल म्हणाला. "तासाभरात दर्शन, परत."

"नको. देवाला चाललोय. यष्टीनंच जाणार."

आपण नरसिंहपूरला जाऊ नये असे युवराजला वाटते, हे तात्यांच्या त्या क्षणी ध्यानात आले. मी त्यांना दोनदा विचारले, की हे तेव्हाच वाटले की नंतर जुळवले. दोन्ही वेळा उत्तर एकच आले: "त्यानं कप ठेवला तवाच."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने ते इंदापूरला आणि तेथून दुसऱ्या गाडीने नरसिंहपूरला पोहोचले. देवाला खोटे सांगायचे नव्हते, म्हणून आधी खरोखरच दर्शन घेतले आणि कागदांची पिशवी पायरीवर टेकवली. घाटाखाली नीरा भीमेला मिळते. उन्हाळ्याने दोन्ही नद्या आकसल्या होत्या. नारळवाल्याला त्यांनी मुखत्यारपत्रावरील गावाचा रस्ता विचारला. चालत पाऊण तास, असे तो म्हणाला. तात्यांनी घड्याळ पाहिले: साडेअकरा. चारला बारामतीत पोहोचायचे, तर एकची गाडी गाठायला हवी होती.

त्या वाटेवर, त्यांच्याच सांगण्यानुसार, ते तीनदा मागे वळले आणि पुन्हा पुढे निघाले. मालक ओसरीवर बसलेला सापडला आणि "कोण तुमी? माझ्या भावावर संशय घेता?" म्हणाला, तर विशालपर्यंत ती गोष्ट तासाभरात पोहोचणार होती. घर जाणार आणि लेकीला ऐकावे लागणार. आणि मालक सापडला नाही तर? हा दुसरा विचार त्यांनी पुरता केला नाही.

घर विटांचे, साधे. दार उघडे होते. तात्या उंबऱ्याबाहेर थांबले आणि हाक मारण्यासाठी तोंड उघडले, तेव्हा त्यांना आतली मांडणी दिसली. अक्षय तृतीयेला घरातील गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर पूजतात. भिंतीलगत पाटावर नवी मातीची घागर होती, तिच्या तोंडावर एक पिकलेला आंबा. मागे फोटो, फोटोला हार. फोटोतील माणूस म्हातारा नव्हता. खाली रंगीत अक्षरांत नाव होते. तात्यांनी पिशवीतून झेरॉक्स काढून ते ताडून पाहिले. विजयसिंह.

"कोण हाय?" आतून पन्नाशीची बाई आली. त्या विजयसिंहांच्या पत्नी म्हाळसाबाई. "या की. लांबनं आलाय न्हवं? पाणी घ्या. आवंदा पैलीच घागर, म्हणून माणसं येत्यात. तुमी ह्यांच्या वळखीचं?"

तात्यांना बसता येईना. "कधी गेलं ओ?"

"आठ म्हयनं झालं. भाद्रपदात. तुमाला म्हाईत न्हवतं?"

"न्हवतं." त्यांनी फोटोला हात जोडले. मग म्हणाले, "ताई, मी वळखीचा न्हाय. मी तुमचं बारामतीचं घर घ्यायला निघालोय. आज चारला इसार हाय."

म्हाळसाबाईंच्या हातात पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी खाली ठेवला नाही.

"कंचं घर?"

"शेवग्याच्या झाडाचं."

"ते इकायचं हाय म्हणून कुणी सांगितलं?"

तात्यांनी नाव सांगण्याऐवजी मुखत्यारपत्र पुढे केले. म्हाळसाबाईंना वाचता येत होते. त्यांनी तारीख वाचली, दिराची सही पाहिली आणि मग नवऱ्याची. तो कागद त्या विसरल्या नव्हत्या. विजयसिंहांच्या पायाला दुखापत झाली, तेव्हा कर भरायला, भाडेकरूशी बोलायला दिला होता, असे त्यांनी नंतर मलाही सांगितले. त्यात विक्रीचाही अधिकार लिहिलेला होता, हे कदाचित नवऱ्यालाही माहीत नसावे. याला पुरावा नाही.

तेवढ्यात तात्यांचा फोन वाजला. विशाल.

"मामा, झालं का दर्शन?"

"देवाचं झालं. आता मालकाच्या दारात उभा हाय."

पलीकडे मागे कुणीतरी काय झाले म्हणून विचारत होते; तो आवाज युवराजचा होता.

"मामा," विशाल सावकाश म्हणाला, "तुमी आदी हिकडं या. बसून बोलू. घरातली गोष्ट हाय."

"घरातलीच हाय. युवराजराव हायती का तितं? त्यांच्या वैनींना बोलायचंय."

त्यांनी फोन म्हाळसाबाईंना दिला. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. तात्यांना त्यांचे शब्द जसेच्या तसे आठवतात आणि म्हाळसाबाईंनीही ते नाकारले नाहीत:

"भावजी, तुमच्या भावाची घागर मांडलीय. जेवायला येतो म्हणला हुता. ताट वाढून ठिवलंय. का तितं सह्या करून येताय?"

फोन पलीकडून बंद झाला.

एकची गाडी चुकली. तात्यांना म्हाळसाबाईंनी जेवल्याशिवाय सोडले नाही. वाढून ठेवलेले ताट त्यांनाच घ्यावे लागले.

आता विशालविषयी. त्याला विजयसिंहांचा मृत्यू माहीत होता का? तो म्हणतो, नव्हता. युवराजने भाऊ आजारी असल्याचे सांगितले होते. उलट काही सिद्ध करणारे मला सापडले नाही. मी त्याला एवढेच विचारले, की त्याने स्वतः कधी मालकाला भेटायचा प्रयत्न केला होता का. त्याने काचेबाहेर पाहिले आणि म्हणाला, "युवराज माझ्या बरोबरीचा. त्याला कसं इचारणार, तुझा भाऊ हाय का गेला?" म्हणजे तात्या ज्या कारणाने विशालला विचारू शकत नव्हते, त्याच कारणाने विशालने युवराजला विचारले नव्हते. फी मात्र तो युवराजकडून घेणार होता, आणि दुप्पट. हे त्याने मान्य केले. फलटणची पार्टी कोण, हे त्याला सांगता आले नाही.

त्या रात्री प्राचीचा फोन आला.

"अण्णा, तुमी बरूबर केलं," ती वडिलांना म्हणाली. "पर दोन म्हयनं मला फोन करू नका. मी करीन."

कौसल्याबाईंनी त्यानंतर आठवडाभर नवऱ्याशी कामापुरतेच बोलणे ठेवले. घर वाचले नव्हते. फक्त रक्कम वाचली होती. खोल्या सोडायला वीस दिवस उरले होते.

सोमवारी तात्या झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि शोधाची फी टेबलावर ठेवली. स्वरूपाबाईंनी पावती फाडली. कुठल्याही घराचे वर्णन केले नाही.

"आधी घर दाखवा की," सोबत आलेल्या कौसल्याबाई म्हणाल्या. "आवडलं तर कागद बघू."

"घर आवडलं, की कागद बघवत न्हाईत, काकू. ओट्यावरचं ऊनच दिसतं मग."

हे कौसल्याबाईंना लागले. पण त्या उठल्या नाहीत.

"वीस दिवसांत हुईल का?" तात्यांनी विचारले.

"न्हाय व्हणार. भाड्यानं खोली बघा. घाई असलेलं गिऱ्हाईक मी घेत न्हाय. घाई बघून लोक चुकीचं घर गळ्यात घालतात, आणि बोल मला लागतो."

३१ मेला त्यांनी वसाहत सोडली आणि दोन खोल्या भाड्याने घेतल्या. स्वरूपाबाईंनी पुढच्या चार महिन्यांत तीन घरे कागदांवरच नाकारली: एकात दोन बहिणींची हक्कसोड झालेली नव्हती, दुसऱ्यावर बँकेचा बोजा होता, तिसऱ्याच्या रस्त्याला कागदावर अस्तित्वच नव्हते. प्रत्येक वेळी फी लागली आणि प्रत्येक वेळी तात्या कुरकुरले. चौथे घर काटेवाडीच्या रस्त्याला मिळाले. शेवगा नाही, बोअर सामायिक, ओटा पश्चिमेला. सप्टेंबरअखेर नोंदणी झाली, तेव्हा विकणारा, त्याची पत्नी आणि त्याची आई अशी तिघेही हजर होती.

प्राचीचा फोन दोन महिन्यांऐवजी साडेतीन महिन्यांनी आला होता. घरभरणीला ती आली, पण एकटी नव्हे; गाडी विशालची होती. ती उतरली, विशाल उतरला नाही. तात्या फाटकाशी गेले.

"विशालराव, आत या."

"काय म्हणून येऊ, मामा? पाहुणा का एजंट?"

"एजंट आमी दुसरा केलाय. पाहुणा म्हणून या."

विशालने समोर पाहत स्टिअरिंगवर बोटे वाजवली. तो उतरला नाही. पण त्याने इंजिन बंद केले. कौसल्याबाई आतून चहाचा कप घेऊन आल्या आणि त्यांनी तो गाडीच्या खिडकीतून आत दिला.